महत्त्वाचं काही कापलेलं नाही

गयाअक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्या लाइनवर ताटकळत होतो. जुन्या फिल्म्सच्या डिस्क काढणाऱ्या त्या कंपनीने मला ‘लाइनवर राहा’ सांगून कसलंसं संगीत लावून ठेवलं होतं, आणि मी देगलूरच्या माझ्या दुकानात कानाला फोन लावून, दात-ओठ खात बसलो होतो. मध्ये दोनदा नामदेवचं नाव चमकलं. नामदेव म्हणजे अक्काचा मुलगा, लातूरला नोकरीला आहे. दोन्ही वेळा मी त्याचा फोन कापला. वाटलं, अक्कानेच त्याला सांगितलं असेल, त्या व्यंकटला म्हणावं कंपनीशी भांडणं आता पुरे कर. तिसऱ्यांदा उचलला. “मामा, आई गेली. सकाळी चहा घेतला, जराशी पडते म्हणाली...” पुढचं मला ऐकू आलं नाही. त्याचा फोन ठेवला तर पहिली लाइन चालूच, आणि एक मुलगी गोड आवाजात विचारते, “सर, आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का?” मी तिला जे बोललो ते पेपरच्या पुरवणीत छापण्यासारखं नाही. त्या पोरीचा काय दोष, नोकरी करत होती बिचारी. पण त्या दिवशी मला कुणाची दया येत नव्हती, आणि आज दीड महिना झाला तरी फारशी येत नाही.

अक्का माझी सख्खी बहीण नव्हे. देगलूरला आमच्या भिंतीला भिंत लावून तिच्या नवऱ्याची पिठाची गिरणी होती. नवरा लवकर गेला आणि गिरणी तिनेच चालवली, तीसेक वर्षं. पट्ट्याच्या खडखडाटात बोलून बोलून तिचा आवाज असा चढला होता, की ती कानात काही सांगायला लागली तरी ते समोरच्या ओळीतल्या घरांना कळायचं. जवारीत खडे घालून आणणाऱ्याला ती चारचौघांत सोलून काढायची आणि त्याच दुपारी त्याच्या लेकराच्या हातावर गूळ ठेवायची. मला ती लहानपणापासून भाऊ म्हणायची. म्हणायची म्हणजे काय, राबवून घ्यायची. “व्यंकट, बसून काय राहिलास, गोणी धर!” ही तिची माया. मृत्युलेखात माणसं ‘प्रेमळ होत्या, सोशिक होत्या’ असं लिहितात. अक्का सोशिक नव्हती. तिला सोसायला लावलं, ही वेगळी गोष्ट आहे, आणि त्यात माझाही हात आहे म्हणून हे लिहायला बसलो.

तिचं माहेर बिलोलीकडचं. थोरला भाऊ किशन फौजेत होता. अक्का त्याला अण्णा म्हणायची. एकाहत्तरच्या लढाईत तो गेला आणि घरी फक्त तार आली. अक्का तेव्हा सोळा वर्षांची. घरात त्याचा एकच फोटो होता, तोही राहिला नाही. आई मेली तेव्हा तिने तो छातीशी घट्ट धरलेला होता आणि तिच्या हातातून काढून घ्यायची कुणाची छाती झाली नाही... सरणावर तोही गेला. म्हणजे अक्कासाठी भावाचा चेहरा या जगात उरला तो एकाच ठिकाणी, नऊ सेकंदांच्या फिल्ममध्ये. तो गेल्यावर काही महिन्यांनी त्यांच्या गावाजवळच्या जत्रेत तंबूतली टॉकीज आली होती. पिक्चरच्या आधी लढाईची सरकारी फिल्म लावली. त्यात जवानांचा ट्रक निघालाय, रस्त्याकडेची माणसं त्यांच्याकडे फळं फेकताहेत, आणि ट्रकमध्ये मागे उभा असलेला सगळ्यात उंच जवान एक पेरू झेलतो, दाताने तोडतो आणि हसतो. तंबूत कुणीतरी ओरडलं, “अगं गया, तुझा किशन!” आई उठून पडद्याकडेच चालायला लागली. तंबूचा मालक भला माणूस. जत्रा उठेपर्यंत तीन दिवस त्याने रोज पिक्चरच्या आधी ती फिल्म त्या मायलेकींसाठी लावली.

त्यानंतर कितीतरी वर्षं अक्का भाऊबीजेला चंद्राला ओवाळायची. ज्या बाईला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते, ही आपल्याकडची रीतच आहे. ताट घेऊन अंगणात उभी राहायची, द्वितीयेची ती बारीक कोर शोधायची, आणि मग आत येऊन मला पाटावर बसवायची. मला आधी कधी नाही ओवाळलं तिने. “मोठ्याचं आधी,” म्हणायची.

पुढे मी व्हिडिओ लायब्ररी काढली. हैदराबादच्या बाजारातून कॅसेटी आणायचो. एकदा आणलेल्या गठ्ठ्यात जुन्या लढायांच्या सरकारी फिल्म्सची एक कॅसेट निघाली. असलं भाड्याने कोण नेणार, म्हणून मी ती बाजूला टाकणार होतो. सहज लावून बघितली आणि ट्रक दिसला. पेरू दिसला. मी ती कथा लहानपणापासून इतक्यांदा ऐकली होती, की ओळखायला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही. गिरणीत धावत गेलो. अक्का पिठाने पांढऱ्या झालेल्या हातांनी तशीच आली आणि दुकानाच्या फरशीवर बसून बघत राहिली. “हाव रे... हाव. ह्योच.” मला वाटलं रडेल. तर डोळे पुसत म्हणते, “बघ, बघ, कसा खाऊन राहिला! लढाईला निघालाय का जत्रेला? लई खादाड हं हा, पहिल्यापासून!”

त्या वर्षीपासून तिची भाऊबीज माझ्या दुकानात. टीव्हीसमोर रांगोळी, पाट, ताट. मी कॅसेट लावायची, ट्रक आला की बोट तयार ठेवायचं आणि अण्णाने मान वर करून हसल्याबरोबर पॉज दाबायचा. चित्र थरथरत उभं राहायचं, मधून एक पांढरी रेघ वरखाली जायची. अक्का काचेवर त्याच्या कपाळाच्या जागी कुंकू लावायची, काच बारीक करंटने चटचट वाजायची, ती हात मागे घ्यायची आणि पुन्हा लावायची. त्यावर अक्षता. मग निरांजन. मशीन पॉजवर चार-पाच मिनिटंच थांबायचं, नंतर आपोआप सुटायचं, म्हणून मी शेजारी उभा राहून घाई करायचो. “लवकर उरक अक्का, पॉज सुटंल!” ती म्हणायची, “तुझा पॉज गेला खड्ड्यात, अक्षता तर चिकटू दे!” दुकानात आलेली गिऱ्हाइकं चपला काढून गप उभी राहायची. कुणी कधी हसलं नाही.

आता या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, जी मला माहीत होती आणि तिला नव्हती. कॅसेट पॉजवर ठेवली की फीत जागच्या जागी थांबते, पण मशीनचं आतलं डोकं फिरतच राहतं आणि तेवढाच तुकडा घासत राहतं. आधीची आणि नंतरची फिल्म ठणठणीत राहिली, आणि जिथे आम्ही दरसाल थांबायचो, नेमकं तिथेच चित्रावर पांढऱ्या ठिपक्यांचं बर्फ पडायला लागलं. पंधरा वर्षांनी अण्णाचं नाक दिसेना. वीस वर्षांनी नुसता हसू आल्याचा भास. मी काय सांगणार होतो तिला? अक्का, तू ओवाळतेस ना, त्यानेच तो पुसला जातोय? नाही सांगितलं. बरं, मी एक नक्कल तरी करून ठेवावी! सगळ्या देगलूरची लग्नं, मुंजी, बारशी मी कॅसेटवरून सीडीवर उतरवून दिली, आणि ही एक कॅसेट... पुढच्या महिन्यात करू, दिवाळीनंतर करू. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मूर्ख माणूस!

मग लायब्ररी बंद झाली, गिरणीही बंद झाली, मी कॅमेरे बसवायच्या धंद्यात शिरलो आणि अक्का नामदेवकडे लातूरला राहायला गेली. तरी भाऊबीजेला मी मशीन आणि कॅसेट पिशवीत घालून देगलूर-उदगीर-लातूर करायचो. गेल्या वर्षी फोनवर जाहिरात दिसली. त्या जुन्या लढाईच्या फिल्म्स साफ करून, हाय-डेफिनिशनमध्ये, डिस्कवर. ‘एकेक चित्र नव्याने उजळलेलं.’ यादी वाचली, आमची फिल्म त्यात होती. मी दुकानात नाचायचाच बाकी राहिलो. डिस्क मागवली, ती चालवायचं मशीन हैदराबादहून आणलं आणि अक्काला फोन केला, “अक्का, यंदा अण्णाचे दात मोजता येतील बघ!” आणि त्याच आठवड्यात, आनंदाच्या भरात, माळा साफ केला. बुरशी आलेल्या कॅसेटींची पोती भंगारवाल्याला दिली. ती कॅसेट हातात आली होती. मी तिच्याकडे बघितलं आणि म्हटलं, आता हिचं काय काम, आणि पोत्यात टाकली. डिस्क अजून घरी यायची होती. पोहोचल्याशिवाय होडी सोडू नये एवढी अक्कल नावाड्याच्या पोराला असते, मला नव्हती.

गेल्या भाऊबीजेला लातूरला गेलो. नामदेव बायकोला माहेरी पोचवायला गेला होता, घरात आम्ही दोघंच. भिंतीवर तो भला मोठा पातळ टीव्ही. अक्का नवं लुगडं नेसून, ताट तयार करून बसलेली. डिस्क लावली. काय चित्र होतं हो! खोटं कशाला बोलू. रस्त्यावरची धूळ दिसत होती. ट्रकच्या चाकाला लागलेला चिखल ओला आहे हे कळत होतं. पुढच्या जवानाच्या मिशांचे केस मोजून घ्यावेत. अक्का पदर तोंडाला लावून पुढे सरकली. मग मागचा उंच जवान आला. सदऱ्याचं वरचं बटण तुटलेलं होतं, तेही दिसलं. पेरू उडत आला, त्याने झेलला, हात वर गेला... आणि हात चित्राच्या बाहेर गेला. मान होती. मानेच्या वर काही नव्हतं. वरची कडा तिथेच संपली होती.

मला कळेना. मागे घेतलं, पुन्हा लावलं, रिमोटची सगळी बटणं दाबली. चित्र लहान केलं, मोठं केलं, चौकोनी केलं. मग डोक्यात प्रकाश पडला. जुनी फिल्म चौकोनी असते. आजचे टीव्ही आडवे. चौकोनी चित्र आडव्या टीव्हीवर तसंच दाखवलं तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात. त्या राहू नयेत म्हणून या शहाण्यांनी चित्र रुंद केलं आणि वरून-खालून कापून टाकलं. सगळ्यात उंच माणूस पहिला गेला. धूळ साफ केली, ओरखडे काढले, बटणाचा तुटका दोरा उजळला, आणि मुंडकं छाटलं!

अक्का इतकंच म्हणाली, “तोंड कुठाय रे व्यंकट?”

मी आणखी एकदा रिमोट दाबला. तीच पुढे म्हणाली, “थांब, थांब. मागं घे जरा. हात बघू दे.” मी पॉज केलं. पेरू धरलेल्या मनगटावर एक दोरा होता. कॅसेटमध्ये आम्हाला तो कधी दिसलाच नव्हता, तिथे नुसती काळपट सावली होती. अक्का टीव्हीला नाक लावून मोजत होती. “एक, दोन, तीन. तीन गाठी हायेत. ही माझी राखी हाय. डाकेनं पाठवलेली. गोंडा झडला असंल, पण गाठी म्या मारलेल्या हायेत, मला कळत न्हाई व्हय? तीन मारायची मी, सुटू नये म्हणून...” इतकी वर्षं तिला ठाऊक नव्हतं, की राखी पोचली होती का, त्याने ती बांधली होती का. आता ठाऊक झालं. हे त्या डिस्कने दिलं, मी नाकारत नाही. पण तेव्हा माझं डोकं असं फिरलं होतं, की मला ती राखी दिसूनही दिसली नाही.

मी फोन घेऊन गॅलरीत गेलो आणि डिस्कच्या डबीवरचा नंबर लावला. एक पोरगा बोलला. मी सांगितलं, त्याने ऐकलं, आणि म्हणाला, “सर, साइडला ब्लॅक पट्ट्या आल्या की कस्टमर तक्रार करतात. म्हणून आम्ही फुल स्क्रीन दिलंय. पण महत्त्वाचं काही कापलेलं नाही, सर.” मी म्हटलं, पुन्हा बोल. तो पुन्हा बोलला. “महत्त्वाचं काही कापलेलं नाही.” अरे, कुणी ठरवलं? कुठल्या थंडगार खोलीत बसून कुणी ठरवलं, की पुढचा मिशीवाला महत्त्वाचा आणि मागचा उंच माणूस बिनमहत्त्वाचा? लढाईतून तो आला नाही, सरणावरून त्याचा फोटो आला नाही, आणि उरलेले नऊ सेकंद तुम्ही टीव्हीची कड भरावी म्हणून छाटले? मी अर्धा तास ओरडत होतो. समोरच्या इमारतीतली माणसं बाहेर येऊन बघायला लागली. शेवटी तो म्हणाला की मूळ फिल्म आमच्याकडे नसते सर, तुम्ही मेल करा. तो मेल मी केला. त्याच्यानंतर आणखी सहा केले. उत्तर एकाचंही नाही.

हल्ली जाणती माणसं चर्चा करतात, की लढाईच्या जुन्या फिल्म्स अशा चकचकीत कराव्यात की नाही. कुणी म्हणतं धूसरपणातच खरेपणा आहे. मला असली चैन परवडत नाही. धूसरपणा काय असतो ते मी वीस वर्षं बघितलंय, भावाचं नाक पुसलं जातं त्याला धूसरपणा म्हणतात. करा की साफ! जरूर करा. त्या तीन गाठींसाठी मी तुमचे पाय धरीन. पण पान आडवं झालं म्हणून पोथीच्या वरच्या चार ओळी कापायच्या, ही कुठली रीत? राहू द्या ना काळ्या पट्ट्या. पट्टी बघून कुणाचे डोळे फुटत नाहीत.

आत आलो तेव्हा निरांजन तेवत होतं, टीव्हीवर तो मनगटापाशी थांबलेला हात होता, आणि अक्का खुर्चीत बसली होती. तिला धाप लागली होती. मी विचारलंसुद्धा नाही. ती म्हणाली, “मोठ्याचं झालं ओवाळून. आता तू बस पाटावर.” मी खेकसलो, “काय ओवाळलंस? मुंडकं नसलेल्या धडाला ओवाळलंस?” ती माझ्याकडे बघत राहिली. “हात तर दिला ना त्यांनी,” म्हणाली. “खामखा कुणाच्या लेकराला शिव्या देऊन राहिलास. ये, बस.” बसलो. तिने टिळा लावला, करंजी दिली. मी ती तोंडात न घालता ताटात ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने निघून आलो. तीच आमची शेवटची भेट.

तेराव्याला लातूरला होतो. पाहुणे गेल्यावर सून सुनीता मला म्हणाली, “मामा, बाकी सगळं आवरलं, पण तो डाग काही निघंना. मी दोनदा पुसला.” मी म्हटलं कुठला डाग, तर तिने टीव्हीच्या वर बोट दाखवलं. टीव्हीच्या वरच्या कडेपासून वीतभर उंचावर, कोऱ्या भिंतीवर, लालसर काहीतरी होतं. जवळ गेलो. कुंकू. दोनदा पुसूनही रंगात मुरलेलं, आणि त्यात तांदळाचा एक दाणा अजून चिकटलेला.

भाऊबीजेला आणलेलं मशीन आणि डिस्क तिथेच राहिली होती. डिस्क लावली, ट्रक आला, हात वर गेला, पॉज दाबला. आता पॉज सुटत नाही. मनगट कडेला टेकलं होतं, तीन गाठी लख्ख दिसत होत्या, खांदे होते, मान होती. मानेच्या सरळ वर, टीव्हीची कड ओलांडून, जिथे कपाळ असायला हवं, बरोब्बर तिथे ते कुंकू होतं. पेरूवाल्या हातापासून तोंड किती वर, तोंडापासून कपाळ किती वर, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी कापलेला भाऊ तिने भिंतीवर पुरा केला होता आणि मग ओवाळलं होतं. नामदेवला बोलावून दाखवलं. त्याने डागापासून फरशीपर्यंत नजर नेली आणि म्हणाला, “मामा, पण आईचा हात तिथं पोचला कसा?”

भिंतीपाशी उभं राहून मीच हात वर करून बघितला. मला टाचा उचलाव्या लागल्या, आणि अक्का माझ्या खांद्याएवढी. स्वयंपाकघरातल्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर चढल्याशिवाय ते होणं शक्य नव्हतं. दोन वर्षांपासून तिचे गुडघे गेले होते. न्हाणीची एक पायरी चढायची तरी नामदेवला हाक मारायची, भिंत धरायची, मग पाय उचलायची. त्या दिवशी ती एका हाताचं कुंकवाचं बोट सांभाळत एकटी स्टुलावर चढली, भावाला टिळा लावला, अक्षता लावल्या, आणि एकटीच उतरली. हाक मारली असेल का? मारली असेल तर मला ऐकू आली नाही. इतकी वर्षं ती ओवाळताना मी शेजारी उभा असायचो. ज्या दिवशी तिला खरोखर कुणी धरायला हवं होतं, त्या दिवशी मी चार पावलांवर, गॅलरीत, एका परक्या पोरावर ओरडत होतो.